कोयना बॅकवॉटरला कायाक कॅम्पिंग, इन्फ्लेटेबल घेऊ का?

प्रश्न:
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं नवरा-बायको पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, गाडी छोटी, वर कॅरिअर नाही, त्यामुळे १२ फुटी कडक कायाक घेतली तरी ठेवायची कुठे. जानेवारीत तापोळ्याहून शिवसागरात (कोयना धरणाच्या जलाशयात) निघायचं, एक रात्र काठावर तंबू, दुसऱ्या दिवशी परत, असा बेत आहे. दोघांचं वजन मिळून १३५ किलो, सामान २५ धरलंय. ऑनलाइन एक दोन सीटची इन्फ्लेटेबल (हवा भरून फुगवायची) कायाक बघितली, त्यावर क्षमता १८० किलो लिहिलीय म्हणजे बसतंय ना? पोहता दोघांनाही येतं पण टँकमध्येच. पवनेला भाड्याच्या कायाकवर दोन-तीनदा तासभर फिरलोय, तेवढाच अनुभव.

वल्हेकरी:
दादा, १८० म्हणजे बोट तेवढ्यात बुडत नाही एवढंच, नीट चालते असं नाही. मी लिहिलेल्या आकड्याच्या दोन-तृतीयांशच भरतो, म्हणजे १२०, आणि तुम्ही १६० म्हणताय. दुसरं म्हणजे वारा. साधी ट्यूबवाली बोट हलकी, पाण्यावर उंच तरंगते, वारा आला की पानासारखी वाहत जाते. इन्फ्लेटेबलच हवी असेल तर ड्रॉप-स्टिच तळाची बघा, त्यात वरचं आणि खालचं कापड आतून हजारो दोऱ्यांनी बांधलेलं असतं म्हणून जास्त हवा भरता येते आणि तळ फळीसारखा कडक राहतो. खाली फिन (तळाला लावायचं पातं) हवाच, नाहीतर सरळ जाणारच नाही. पण खरं सांगू का, पहिल्या ट्रिपला विकत घेऊच नका, दोन सिंगल सिट-ऑन-टॉप (आत न शिरता वर बसायच्या कडक कायाक) भाड्याने घ्या, उलटल्या तरी आत पाणी साठत नाही आणि परत चढता येतं. जड सामान मधोमध आणि खाली, पुढे-मागे सारखं.

सातारकर:
आमच्या भागात येताय म्हणून सांगतो. सकाळी पाणी आरशासारखं असतं, त्यावर भुलू नका, दुपारी वारा सुटला की लांबलचक मोकळ्या पाण्यावर लाटा उठतात आणि त्या नेमक्या समोरून आल्या तर तासभर वल्हवून पण जिथल्या तिथे. उजाडल्यावर निघायचं आणि अकरा-साडेअकराला काठाला लागायचं. मधून जाऊ नका, काठ धरून जा, पण अगदी चिकटून पण नको, पाण्याखाली झाडांचे खुंट असतात, रबर फाटतं. आणि पश्चिमेकडचा काठ कोयना अभयारण्यात, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे तंबू ठोकायचा नाही म्हणजे नाही. वासोटा किल्ल्याला जाणारे पण वनखात्याची परवानगी काढून संध्याकाळच्या आत बामणोलीला परततात. पूर्वेकडे कोणाचं तरी शेत असतं, मालकाला विचारून राहा, गावातल्या लाँचवाल्याचा नंबर घ्या आणि कुठे मुक्काम करणार ते त्याला सांगून ठेवा, बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. धरणाच्या बाजूला आणि नवजाकडे वीजघरासाठी पाणी ओढतात तिकडे फिरकायचंच नाही, १९९९ आणि २०१२ ला लेक टॅपिंग (जलाशयाला खालून बोगद्यातून भोक पाडणं) केलं ते तिथेच. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या विजा असतात, तेव्हा तर येऊच नका.

पाणपक्षी:
ताईला पण हे वाचायला द्या हं. मी मुळशीला उलटले होते, भाड्याच्या लाइफ जॅकेटचं एक बकल तुटलेलं, पाण्यात पडल्याबरोबर ते वर सरकून नाकातोंडाशी आलं, अजून आठवलं की घाबरायला होतं. घालून झाल्यावर दुसऱ्याला खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा, कानापर्यंत आलं तर साइज चुकीचा. बोट कधीही सोडायची नाही, वाऱ्यात रिकामी बोट आपल्या पोहण्यापेक्षा जोरात पळते. एकाने पलीकडून धरायचं, दुसऱ्याने पाण्यात आडवं होऊन पाय मारत पोट बोटीवर टाकायचं, मग वळून बसायचं. हे जायच्या आधी काठाजवळ कमी पाण्यात चार-पाच वेळा करा, सामान बांधून पण करा. शिट्टी आणि वॉटरप्रूफ पाऊचमधला फोन अंगावर, ड्राय बॅगमध्ये (पाणी न शिरणाऱ्या पिशवीत) नाही, बोट निसटली तर बॅग पण जाते. सुके कपडे मात्र ड्राय बॅगमध्येच, जानेवारीत पहाटे तिथे चांगलंच गारठतं.

प्रश्नकर्ता:
खूप आभार सगळ्यांचे. बायकोने वाचलं, तिचं म्हणणं आधी पवनेला जाऊन उलटायची प्रॅक्टिस, मग बाकीचं, मला पटलं. इन्फ्लेटेबल कार्टमधून काढली. सातारकर दादा, पूर्वेच्या काठावर तापोळ्यापासून दोन-तीन तासांत गाठता येईल असं एखादं गाव सुचवाल का, तिथे आधी रस्त्याने येऊन मालकाशी बोलून जाईन.