मदत हवी आहे: खानापूरच्या पावसात सपाट छताचं, काचेच्या भिंतींचं घर

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला, जांबोटी रस्त्याला आमची जागा आहे. तिथे १९५०च्या दशकातल्या अमेरिकन घरांच्या धर्तीवर बैठं घर बांधायचंय: लांबलचक, सपाट छत, छतापर्यंत काच. मला ही घरं मनापासून आवडतात. पण वास्तुरचनाकार मीस व्हॅन डर रोहेचं काचेच्या भिंतींचं फार्न्सवर्थ हाउस (१९५१) इलिनॉयच्या थंडीच्या मुलखातलं, तरीही उन्हाळ्यात तापायचं. आपल्याकडे तर जूनपासून नैर्ऋत्येचा पाऊस आडवा झोडपतो.

सूर्याचा हिशेबही वेगळा. बेळगाव साधारण १६ अंश उत्तरेला, म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचं ऊन उत्तरेकडून येतं. म्हणजे उत्तरेची काचही उघडी ठेवून चालणार नाही. पश्चिमेचं ऊन इतकं खाली उतरतं की नुसत्या छज्जाने अडत नाही; तिथे वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिएने चंदीगडला केलेत तसे काँक्रीटचे उभे पडदे लागतील. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांच्या अहमदाबादच्या ट्यूब हाउस या घरासारखी वरून गरम हवा बाहेर काढायची सोय मला फार पटते, पण त्याच फटीतून आपला पाऊस आत येईल ना?

पश्चिमेला जांभ्याची जाड भिंत, काच फक्त पूर्वेला आणि आतल्या चौकाकडे, असं डोक्यात आहे. स्लॅबवर थोडी मोकळी जागा सोडून मंगलोरी कौलांचं उतरतं छप्पर घातलं, तर घराची ती आडवी ठेवण मारली जाईल का? छज्जा किती फूट बाहेर काढावा? खानापूर, चंदगड भागात कुणी असं बांधलं असेल तर गळतीचा अनुभव सांगा. शक्य असल्यास घर बघायलाही येईन.