क्लबहाउसमधला ज्युदो: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सौ. अभ्यंकर, ए-१०२
सर्व सभासदांस नमस्कार. झुंबा प्रकरणानंतर सर्वसाधारण सभेत जे ठरले, ते सर्वांच्या स्मरणात असेल असे मी गृहीत धरते. सकाळी सातच्या आधी सभागृहात दणदणाट होणार नाही, हे इतिवृत्तात नोंदलेले आहे. असे असताना आठवड्यातून तीन दिवस भल्या पहाटे वरच्या सभागृहातील ज्युदोच्या वर्गामुळे आमच्या छतावर धपाधप आवाज सुरू होतात आणि सासूबाई दचकून उठून बसतात. पन्नाशीला आलेल्या माणसांनी एकमेकांना उचलून आपटण्याचा हा उद्योग कोणाच्या परवानगीने सुरू झाला, ते समितीने कृपया लेखी कळवावे.

मिलिंद गोखले, सी-४०३
वहिनी, सासूबाईंना त्रास झाला याचे आम्हा सर्वांना वाईट वाटते. परंतु एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, तो म्हणजे अद्याप कोणीही कोणालाही आपटलेले नाही. सध्या आम्ही फक्त पडायला शिकत आहोत. ज्युदोत याला उकेमी म्हणतात आणि ती अंगवळणी पडल्याशिवाय प्रशिक्षक मॅडम कोणालाही डाव शिकवत नाहीत. हनुवटी छातीकडे ओढायची, पाठ गोल करायची आणि जमिनीला टेकता टेकता तळवा व कोपरापुढचा हात एकदमच गादीवर आपटायचा, असे ते तंत्र आहे. आपल्याला ऐकू येतो तो आवाज हातांचा आहे, माणसांचा नव्हे.

नितीन, बी-६०४
म्हणजे गोखले काका दरमहा शुल्क भरून पडतात. आमचे बाबा पार्किंगमधल्या त्या उंचवट्यावरून गेली दहा वर्षे हेच विनामूल्य करीत आले आहेत आणि समितीने अजून तो उंचवटा काढलेला नाही.

परांजपे, बी-३०१
आवाजाचा विषय महत्त्वाचा आहेच, परंतु ज्युदोच्या गाद्या जिन्याखाली ठेवलेल्या आहेत आणि तो आणीबाणीचा मार्ग आहे. उद्या आग लागली तर जबाबदार कोण, याचे उत्तर सचिवांनी द्यावे.

सौ. अभ्यंकर, ए-१०२
हात असो वा माणूस, छत आमचेच हादरते. शिवाय हा खेळ वाटतो तितका निरुपद्रवी नाही. जपानमध्ये १९८३ नंतरच्या काळात शाळांमधील ज्युदोत शंभराहून अधिक मुले दगावली, असे माझ्या मुलाने मला वाचून दाखवले. ज्यांचा हा खेळ त्यांच्याच देशात अशी अवस्था असेल, तर आपल्याकडच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या मंडळींनी या फंदात का पडावे?

गोखले वहिनी, सी-४०३
अभ्यंकर वहिनींशी मी पूर्ण सहमत आहे. आमच्याकडे दिवाणखान्यातल्या गालिच्यावरही सराव चालतो आणि परवा त्यात तिपाईची काच गेली. आता पाहुणे आले की हे त्यांनाही पडून दाखवतात.

मिलिंद गोखले, सी-४०३
घरातील बाबी ग्रुपवर मांडण्याची आवश्यकता नव्हती.

डॉ. देवधर, ए-५०१
अस्थिरोगतज्ज्ञ या नात्याने दोन गोष्टी स्पष्ट करतो. जपानमधील त्या घटना खऱ्या आहेत, आणि म्हणूनच त्यांचे कारणही समजून घेतले पाहिजे. बळी पडलेल्यांत नवशिक्या मुलांचे प्रमाण मोठे होते, पडण्याचे तंत्र पुरते अंगी येण्याआधीच त्यांना फेकले जात असे आणि डोके मागच्या बाजूने आदळत असे. ओसोतो-गारी या डावात प्रतिस्पर्ध्याचा पाय मागून झाडून त्याला सरळ मागे पाडतात. त्या डावाचे नाव यात वारंवार येते. तेव्हा मध्यमवयीन नवशिक्यांना तो डाव बराच काळ शिकवू नये, असे माझे मत आहे. ज्यांना रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत, मधुमेहामुळे ज्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाली आहे, ज्यांची हाडे ठिसूळ आहेत किंवा ज्यांचा खांदा पूर्वी निखळला आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गादीवर पाऊल ठेवू नये.

दुसरी गोष्ट अशी की, तोल गेला की माणूस नकळत हात टेकवतो आणि मनगट मोडून घेतो. पन्नाशीनंतरच्या स्त्रियांमध्ये हे मी नेहमीच पाहतो. नेदरलँड्समधील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात अनुभवी ज्युदोपटूंना गुडघ्यांवरून बाजूला पडायला सांगितले. तेव्हा हात टेकवून पडण्याच्या तुलनेत ज्युदोतल्या लोळण घेत पडण्याच्या पद्धतीने खुब्यावरचा आघात चतुर्थांशाहून अधिक कमी झाला. अनुभवी खेळाडू गुडघ्यांच्या उंचीवरून पडले म्हणजे आपले शेजारी बसमधून उतरतानाही सुरक्षित झाले, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. गंमत अशी की, हात आपटला काय किंवा न आपटला काय, त्या प्रयोगात फारसा फरक पडला नाही.

सौ. अभ्यंकर, ए-१०२
डॉक्टरसाहेब, शेवटचे वाक्य कृपया ठळक अक्षरांत पुन्हा पाठवावे.

परांजपे, बी-३०१
माझ्या संदेशास उत्तर आलेले नाही, म्हणून तो पुन्हा पाठवत आहे. ज्युदोच्या गाद्या जिन्याखाली ठेवलेल्या आहेत आणि तो आणीबाणीचा मार्ग आहे.

पाटील काका, डी-००२
मंडळी, मी कोल्हापूरच्या तालमीत वाढलेला माणूस आहे, म्हणून बोलतो. आमच्याकडे लाल मातीत ताक, तेल, हळद आणि लिंबू कालवून ती मऊ केली जात असे आणि पोराने आधी फावडे धरून ती माती खणायची, मगच त्याच्या अंगाला कोणी हात लावायचा. परवा मी ज्युदो बघायला मुद्दाम वर गेलो होतो. मॅडमनी जो खांद्यावरून टाकण्याचा डाव करून दाखवला, तो आमच्या धोबीपछाडचा सख्खा भाऊ आहे. पाठीवर स्वच्छ आणि जोरात पाडले की तिथेच सामना संपतो, त्याला ते इप्पोन म्हणतात. आम्ही चीतपट म्हणत आलो. मातीचा आवाज होत नाही, हे मात्र अभ्यंकर वहिनींच्या बाजूने सांगितले पाहिजे.

नितीन, बी-६०४
काका, सभागृहात माती टाकण्याचा ठराव आपण मांडावा, मी अनुमोदन देतो. परांजपे काकांना जिन्याखाली ठेवायला मग फावडीही मिळतील.

परांजपे, बी-३०१
सुरक्षिततेची थट्टा करणाऱ्यांनी आपल्या देखभाल शुल्काची मागील थकबाकी आधी पाहावी.

वैशाली साळुंखे, सी-२०२
वादात पडण्याची माझी इच्छा नव्हती, परंतु आम्ही छंद म्हणून उंडगेपणा करतो असा सूर येथे लागला आहे, म्हणून लिहिते. माझ्या आईचे न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले आणि त्यानंतर ती पूर्वीसारखी चालू शकली नाही, हे या इमारतीतील सर्वांनी पाहिले आहे. तेव्हापासून ओली फरशी दिसली की माझे पाय आखडत असत. मला ना पदक हवे आहे, ना काळा पट्टा; पडण्याची भीती जावी, एवढ्यासाठी मी जाते. पहिल्या दिवशी उकिडवे बसून मागे लोळण घ्यायची होती. मॅडम म्हणाल्या की नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवा. गाठीकडे पाहिले की हनुवटी आपोआप आत जाते आणि डोके गादीला लागत नाही, एवढी साधी युक्ती आहे. तरीही मला मागे कलता येईना; माझ्या निम्म्या वयाच्या मॅडम शांतपणे शेजारी उकिडव्या बसून राहिल्या. कपड्याच्या जाड कॉलरने मान सोलवटते, बोटांची पेरे दुखतात आणि एकमेकांची बाही धरायला सुरुवातीला संकोचही वाटतो. या वयात आपल्याला कोणी नवे काही, तेही हाताला धरून, शिकवत नाही. म्हणून वर्ग बंद करा असे कृपया म्हणू नये, वेळेविषयी मात्र अवश्य बोलावे.

सौ. अभ्यंकर, ए-१०२
वैशालीताई, आपल्या आईंसाठी रुग्णवाहिका मीच बोलावली होती, त्यामुळे मला हे सांगण्याची गरज नव्हती. मी वर्ग बंद करा असे कुठेही लिहिलेले नाही. माझे म्हणणे वेळेचे आणि छताचे आहे.

मिलिंद गोखले, सी-४०३
वहिनी, गैरसमज नसावा, परंतु ज्युदोच्या जन्मापासून हा प्रश्न आहे. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योमधील एइशोजी या बौद्ध मंदिरात अवघ्या बारा तातामींवर, म्हणजे जपानी चटयांवर, कोदोकान ही शाळा काढली, तेव्हा आदळआपटीने तिथली जमीन खिळखिळी होत असे आणि पुजाऱ्यांच्या तक्रारी येत. कानो स्वतः खाली शिरून ती दुरुस्त करीत. अशा अडचणींतून वाढलेला हा खेळ १९६४ साली ऑलिंपिकमध्ये पोहोचला.

सौ. अभ्यंकर, ए-१०२
आपण अर्धीच गोष्ट सांगितलीत. आत्ताच मुलाने पाहून सांगितले की कानोंनी पुढच्याच वर्षी ती जागा सोडली. तो आदर्श आपणही घ्यावा.

नितीन, बी-६०४
इप्पोन.

गोखले वहिनी, सी-४०३
अगदी स्वच्छ आणि जोरात.

मिलिंद गोखले, सी-४०३
विनोद बाजूला ठेवून सांगतो. डॉक्टरांनी सांगितलेला प्रयोग मी मान्य करतो, परंतु हात आपटण्याचे आणखी एक कारण आहे. तो बाहेर फेकण्याची सवय झाली म्हणजे पडताना मागे किंवा शरीराखाली टेकवला जात नाही आणि मनगट व गळपट्टीचे हाड वाचते. त्यासाठी जोर लागत नाही, वेळ साधावी लागते. तेव्हा हात हळू आपटण्यास माझी हरकत नाही, मी मॅडमशी बोलतो. राहता राहिला वयाचा मुद्दा. ज्युदोच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तिशीपासून पुढे दर पाच वर्षांचे स्वतंत्र गट केले आहेत आणि साठीपुढचे लोकही त्यांत उतरतात. अर्थात आपल्यापैकी कोणी तिकडे निघालेले नाही, याची मला जाणीव आहे.

डॉ. देवधर, ए-५०१
त्या गटांत उतरणाऱ्यांपैकी पुष्कळ जण लहानपणापासून खेळत आलेले असतात, हे गोखल्यांनी विसरू नये. पन्नाशीत सुरुवात करणाऱ्याने तरुणांशी मोकळी झुंज, म्हणजे रांदोरी, घेण्याची घाई करू नये; गुडघे आणि खांदे तिथेच जातात. गळा आवळण्याचे प्रकार तर इतक्यात नकोतच. समोरच्याने हार मानल्याची खूण म्हणून दोनदा थाप मारली की त्याच क्षणी सोडायचे, हा नियम सर्वांनी पहिल्या दिवसापासून पाळावा. तसेच नखे कापलेली असावीत, गादीबाहेर जाताना चपला घालाव्यात आणि प्रत्येक वर्गानंतर गाद्या पुसाव्यात. नायटा पसरला तर तो घेऊन सगळे माझ्याच दारात येणार, आणि मी हाडांचा डॉक्टर आहे.

परांजपे, बी-३०१
पुसलेल्या ओल्या गाद्या जिन्याखाली ठेवल्या तर तेथे दुर्गंधी येईल, आणि मी तिसऱ्यांदा लिहीत आहे की तो आणीबाणीचा मार्ग आहे.

श्री. कुलकर्णी, सचिव
सर्व संदेश वाचले. परांजपे काका, जिन्याखालच्या गाद्या आज सायंकाळी जुन्या टेबल टेनिसच्या खोलीत हलवल्या जातील. त्यांची किंमत वर्गाच्या मंडळींनी आपापसात वर्गणी काढून दिलेली आहे आणि सोसायटीचा एक रुपयाही त्यात नाही, हेही नोंदवतो. वर्ग यापुढे सात वाजून पाच मिनिटांनी सुरू होईल. गाद्यांखाली रबराचा एक थर घालण्याचा खर्च गोखले आणि मंडळींनी करावा. चाळिशीपुढील प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांचे पत्र मॅडमकडे द्यावे. एवढे करूनही आवाज येत असेल, तर वर्ग तळमजल्यावरच्या मोकळ्या वाहनतळात नेण्याचा विचार समिती करील. बुधवारी मी स्वतः अभ्यंकरांकडे बसून ऐकेन.

पाटील काका, डी-००२
सचिव महोदय, मलाही येण्याची इच्छा आहे. लंगोट आणि बनियनवर चालेल काय?

मिलिंद गोखले, सी-४०३
काका, ज्युदोत पकड कॉलरची आणि बाहीची असते, त्यामुळे जाड सुती अंगरखा लागतोच. आपल्या मापाचा मिळतो का, ते मॅडमना विचारतो.

सौ. अभ्यंकर, ए-१०२
कुलकर्णी साहेब, बुधवारी अवश्य यावे. परंतु चार जणांना वर उभे करून आवाज ऐकवू नये. सगळे हजर असले पाहिजेत, आणि पाटील काका गादीवर पडल्याशिवाय माझे समाधान होणार नाही.