मदत हवी आहे: ओव्हरक्लॉक केल्यापासून पीसी आपोआप रिस्टार्ट होतोय, तेही रिकामा असताना

सांगलीचा_गडी
प्रोसेसर ओव्हरक्लॉक केलाय, म्हणजे कंपनीच्या स्पीडपेक्षा जास्त पळवतोय, आणि तेव्हापासून डोकं फिरायची वेळ आलीय. सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण ताण देणारी टेस्ट) लावा, अर्धा तास निवांत चालतं, गेमपण चालतो, टेंपरेचर ७५ च्या वर जात नाही, आणि यूट्यूबवर गाणं लावून जेवायला बसलं की धाडकन रिस्टार्ट. निळा स्क्रीनपण येत नाही, सरळ काळं होतंय आणि परत बायोसचा लोगो. लोडवर पडला असता तर समजलं असतं की. रविवारी लग्नाचा व्हिडिओ द्यायचाय, पार्टी रोज फोन करतीय. लवकर सांगा कुणीतरी. आणि सगळं पहिल्यासारखं करून टाका म्हणू नका, तेवढं मलाबी येतंय.

अजिंक्यतारा_नील
प्रोसेसर कुठला? बोर्ड? रॅम? नक्की काय काय बदललंस? गाडी बंद पडली म्हणून मेकॅनिकला फोन करायचा आणि गाडी कुठली ते सांगायचंच नाही, असं झालं हे.

कुपवाडचा_वायरमन
आधी अर्थिंग बघा. मल्टीमीटर घ्या, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधी व्होल्टेज मोजा, दोन-तीनच्या वर दाखवलं तर बाकी काही शोधत बसू नका. आमच्याकडं संध्याकाळी वर्कशॉपची मोठी मशीनं बंद-चालू होतात तेव्हा ट्यूबलाइट नुसती नाचते, तिथं प्रोसेसर काय टिकणार.

सांगलीचा_गडी
एएमडीचा रायझन ५६००एक्स आहे, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम ३६०० वाली. पीबीओ (आपोआप जास्त स्पीड देणारी सेटिंग) चालू करून प्लस २०० मेगाहर्ट्झ दिलंय आणि कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करायची सेटिंग) ऑल कोअर मायनस ३० पायऱ्या. एका व्हिडिओत बघितलं, त्याचं झकास चाललंय. दादा अर्थिंग ठीक आहे, स्टॉकवर (कंपनीच्या मूळ सेटिंगवर) ठेवलं की कधीच बंद पडत नाही.

बाबुराव_३००ए
हे कर्व्ह बिर्व्ह आजकालचं फॅड. १९९८ ला इंटेलचा सेलेरॉन ३००ए प्रोसेसर यायचा, बस (बोर्डाचा मूळ स्पीड) ६६ ची १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० चा थेट ४५० व्हायचा, विषय संपला. नंतर एएमडीच्या अॅथलॉनवरच्या पुलांवर (तुटक संपर्कांवर) पेन्सिलीनं रेघ मारून मल्टिप्लायर (बसला गुणायचा आकडा) उघडलेत आम्ही, साध्या शाळेच्या पेन्सिलीनं! तू पण पीबीओ बंद कर, सगळे कोअर ४.५ गिगाहर्ट्झवर फिक्स कर, व्होल्टेज फिक्स कर आणि झोप.

अजिंक्यतारा_नील
काका, फिक्स केलं तर एका कोअरचा बूस्ट (गरजेपुरता आपोआप वाढणारा स्पीड) जातो. ५६००एक्स काही न करताच ४.६ ला जातो, मग मिळवलं काय?

गडी, मायनस ३० मध्येच घोळ आहे. एक पायरी म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, म्हणजे तू ९० ते १५० मिलिव्होल्ट काढून घेतलेत. सिनेबेंचमध्ये सहाही कोअर पळत असतात तेव्हा पॉवरची मर्यादा लागून स्पीड थोडा खाली असतो, तिथं तेवढं व्होल्टेज पुरतं. पण गाणं लागलेलं असताना मधूनच एखादा कोअर क्षणभर जागा होतो आणि थेट टोकाला उडी मारतो, वरून तू प्लस २०० दिलंयस. तिथं त्याला जास्त व्होल्टेज लागतं नेमकं, आणि मिळत नाही. म्हणून सिनेबेंच पास झालं याला इथं काडीची किंमत नाही. त्यात चांगल्या कोअरला कंपनीनं आधीच कमी व्होल्टेज लावलेलं असतं, बहुतेक वेळा तोच आधी मरतो. रायझन मास्टर या एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये ज्याच्यावर तारा दिसतो तो.

मिरज_जंक्शन
मला तर रॅमच वाटते. एक्सएमपी (रॅमची जास्त स्पीडची तयार सेटिंग) पण ओव्हरक्लॉकच असतं, लोक विसरतात. या प्रोसेसरला अधिकृत ३२०० च आहे. ३६०० ला फॅब्रिक (प्रोसेसरच्या आतले भाग जोडणारा रस्ता) १८०० वर पळतं, प्रत्येक चिपला झेपतंच असं नाही. ३२०० वर आण, फॅब्रिक १६०० होईल.

अजिंक्यतारा_नील
असेल पण. अंदाज करत बसण्यापेक्षा इव्हेंट व्ह्यूअर उघड, विंडोज लॉग्ज, सिस्टीम, तिथं व्हिया-लॉगर (हार्डवेअरच्या चुकांची नोंद) शोध. १९ नंबर आणि बस इंटरकनेक्ट दिसलं तर मिरजवाल्यांचं खरं मानू. १८ नंबर आणि कॅश हायरार्की एरर (प्रोसेसरच्या आतल्या मेमरीतली चूक) दिसली तर बहुतेक कोअर. खाली एपिक आयडी (थ्रेडचा नंबर, एका कोअरला दोन थ्रेड) असतो, ५६००एक्सला त्याला दोननं भाग, कोअरचा नंबर मिळतो.

गेमर_विश्रामबाग
इंटेल १३वी-१४वी जनरेशनला असंच व्हायचं, जास्त व्होल्टेजनं चिपाच खराब होत होत्या, २०२४ च्या ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ मायक्रोकोड (प्रोसेसरचा आतला कोड) आला. बायोस अपडेट करून घे लगेच.

मिरज_जंक्शन
अहो त्याच्याकडं एएमडी आहे. वर लिहिलंय की.

फोटोवाले_तासगाव
अवांतर: लग्नाच्या व्हिडिओचे सध्या काय घेता? आमच्याकडं ड्रोन धरून मागतात आणि पैसे मात्र जुन्याच रेटनं.

सांगलीचा_गडी
बघितलं. १८ नंबरच्या ओळी पडल्यात ढीगभर, सगळीकडं कॅश हायरार्की, एपिक आयडी कधी ४ कधी ५. म्हणजे कोअर २. रायझन मास्टरमध्ये तारा पण त्याच्यावरच. आता काय करू?

अजिंक्यतारा_नील
ऑल कोअर काढ, पर कोअर घे. २ ला मायनस ८ वगैरे, बाकीच्यांना मायनस २०, प्लस २०० शून्य कर. मग कोअरसायकलर नावाची फुकटची स्क्रिप्ट आहे, ती एकेका कोअरवर प्राइम९५ ही ताणाची टेस्ट चालवते, रात्रभर सोडून दे. जो कोअर एरर देईल त्याला पाच पायऱ्या वर आण. आणि हे सगळं रविवारनंतर. तोवर कर्व्ह बंद ठेव, लग्नाचा रेंडर दोन-चार मिनिटं उशिरा झाला म्हणून कुणाचं लग्न मोडत नाही.

बाबुराव_३००ए
फिक्स ४.५ केलं असतं तर आत्तापर्यंत रेंडर झाला असता.

सांगलीचा_गडी
कर्व्ह शून्य करून रेंडरला लावलाय, अजून तरी उभा आहे. सोमवारी कोअरसायकलर लावतो आणि इथंच टाकतो. वायरमन दादा, मीटर नाही माझ्याकडं. तासगाववाले, रेट व्यनि (खाजगी निरोप) केलाय, इथं नको, पार्टी पण वाचत असंल.