बुलेटचा बेंड पाईप रात्री लालभडक दिसतो, इंजिन नुकतंच बांधलंय (सोलापूर)

होटगी रोड ३५०

नमस्कार मंडळी. गाडी बुलेट ३५०, बिडाचं इंजिन, १९८६ ची, वडिलांची. ते यंत्रमागावर जॉबर (माग लावून-दुरुस्त करून देणारे) होते. गुरुवारची पाळी संपली की याच गाडीवर अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जायचे, ते मी कळायला लागल्यापासून बघत आलोय. गेली नऊ वर्षं गाडी जिन्याखाली उभी होती. दिवाळीनंतर इंजिन उतरवून पूर्ण उघडलं. बोअर करून वरच्या साइजचा पिस्टन, नव्या रिंगा, व्हॉल्व्ह सीट कटिंग, नवा कंडेन्सर, नवे पॉइंट (उघडले की प्लगला ठिणगी पाडणारा स्विच). कार्बोरेटर जुनाच, साफ करून बसवलाय. बेंड पाईप (हेडमधून सायलेन्सरकडं जाणारा वाकडा पाईप) आणि सायलेन्सर नवे.

गाडी दुसऱ्या किकला चालू होते, किक उलटी मारत नाही. ठोका एकसारखा आहे. गावात सात रस्ता ते स्टेशन फिरवली तर तक्रार काहीच नाही. खरा त्रास हायवेला होतो. पन्नासच्या पुढं गाडी ओढत नाही, रेस दिली की आवाज वाढतो, वेग वाढत नाही.

मागच्या गुरुवारी अक्कलकोटहून परत येताना वळसंगला चहाला थांबलो. अंधार पडला होता. गाडी स्टँडवर लावून वळलो तर हेडमधून पाईप जिथं बाहेर येतो तिथून पुढं चार बोटं लाल, चुलीतल्या फुंकणीच्या टोकासारखा. मी घाबरून लगेच इंजिन बंद केलं. सकाळी बघितलं तर वाकणापर्यंत क्रोम निळा-जांभळा झालेला.

काय तपासलं ते सांगतो. टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या पुशरॉडमधली फट) थंड इंजिनवर लावलेत, पुशरॉड बोटानं फिरतो, वर-खाली हलत नाही. पॉइंटचा गॅप ०.३८. टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पिस्टन वर यायच्या आधी ०.८ मिमीवर, पॉइंटमध्ये पातळ कागद धरून स्वतः दोनदा बघितलं. प्लग पांढुरका निघतो. ज्यांनी इंजिन बांधलं ते म्हणतात, "नवीन आहे, घट्ट आहे, हजार किलोमीटर चालू दे." पण पाईप लाल होत असताना हजार किलोमीटर चालवायचा माझा जीव होत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला तर पुन्हा हेड उतरवणं आलं. वडील रोज संध्याकाळी खुर्ची टाकून गाडीजवळ बसतात, त्यांना काय सांगू?

बार्शीकर

पांढरा प्लग म्हणजे मिक्श्चर लीन, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. दोन गोष्टी बघा.

एक, आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलवालं. साधं पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पटच पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला हे मिश्रण जास्त पाजावं लागतं. इंजेक्शनची गाडी सेन्सरवर हिशेब सांभाळून घेते. तुमच्या कार्बोरेटरला ते कसं कळणार? १९८६ चे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) १९८६ च्या पेट्रोलसाठी आहेत. नीडलची (कार्बोरेटरमधली पेट्रोल कमी-जास्त करणारी सुई) क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे नीडल वर उचलली जाईल आणि मधल्या रेसला पेट्रोल वाढेल.

दोन, कार्बोरेटर जिथं हेडला बसतो तिथून हवा ओढत असेल. चालू इंजिनवर त्या जोडाला साबणाचं पाणी मारा. ठोका बदलला की लीक. काही जण तिथं पेट्रोल शिंपडून बघतात, ते गरम इंजिनवर चुकूनही करू नका.

पेठेतला

आमच्यात एकानं बेंडला ती उष्णतेची पट्टी गुंडाळली बघा, लाल दिसायचं बंद झालं. पाय पण भाजत नाही. स्वस्तात काम होतंय की ओ.

बीड इंजिन

पट्टी अजिबात गुंडाळू नका. लाल दिसणं बंद होईल, तापणं बंद होणार नाही, उलट पाईप आतून जास्त तापेल. ताप आलाय आणि थर्मामीटर फेकून द्यायचा, असला उपाय आहे तो.

होटगी रोडवाले दादा, मी पस्तीस वर्षं याच इंजिनांवर हात काळे केलेत. तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. पोलाद अंधारात लालसर दिसायला लागतं ते साधारण ५०० अंशांच्या पुढं. दिवसा ते डोळ्याला दिसत नाही, म्हणून तुम्हाला वळसंगला कळलं. भरपूर लोड देऊन चढ चढल्यावर पोर्टजवळ हलकी लाली दिसली तर मी सोडून देतो. सपाट रस्त्याला पन्नासनं येऊन चार बोटं लाल, हे बरोबर नाही.

बार्शीकर म्हणतात ते खोटं नाही, हवेचा लीक बघाच. पण तुम्ही स्वतःच लिहिलंय की गावात तक्रार नाही, किक उलटत नाही, पन्नासच्या पुढं ओढत नाही. हे टायमिंग मागं राहिल्याचं लक्षण आहे. तुम्ही म्हणाल, टायमिंग दोनदा बघितलं. बघितलंत ते उभ्या गाडीचं. ०.८ हे किक मारण्यापुरतं असतं. रेस वाढली की स्पार्क आणखी आधी पडायला पाहिजे, आणि ते काम पॉइंटच्या प्लेटखालच्या ऑटो ॲडव्हान्सचं. दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा आहेत तिथं. वेगात वजनं बाहेर फेकली जातात आणि पॉइंट उघडणारा कॅम पुढं सरकतो. नऊ वर्षं उभ्या गाडीत ती वजनं पिनांवर गंजून बसतात. मग गाडी चालू होते झकास, पण वेगात स्पार्क उशिरा. पेट्रोलनं पिस्टन ढकलायच्या वेळेला जळून घ्यायचं असतं. उशिरा पेटलं की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला तरी जळणं चालूच राहतं, आणि ती आग तुमच्या नव्या पाईपमध्ये जाते. ताकद चाकाला न मिळता पाईप तापवण्यात खर्च होते.

इंजिन बंद ठेवून पॉइंटचं झाकण काढा. कॅम दोन बोटांत धरून तो फिरतो त्या दिशेनं पिळा. थोडा फिरला पाहिजे आणि सोडल्यावर टक्कन जागेवर आला पाहिजे. नाही फिरला तर तिथंच दुखणं आहे. आणि डिकॉम्पची (किक सोपी जावी म्हणून सिलिंडरचा दाब सोडणारा छोटा व्हॉल्व्ह) केबल बघा, ताणलेली असेल तर तो व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि जळता गॅस तिथूनही एक्झॉस्टमध्ये जातो.

होटगी रोड ३५०

काका, आत्ता झाकण काढून बघितलं. कॅम हलतच नाही! जोर लावला तर अख्खा शाफ्ट फिरायला बघतो. डिकॉम्पची केबल ढिली आहे, तिथं काही नाही. रविवारी प्लेट काढतो. इंजिन बांधताना नवे पॉइंट बसवले, पण त्यांच्याखाली कुणी डोकावलंच नाही, याचं फार वाईट वाटतंय.

बीड इंजिन

वाईट वाटून घेऊ नका. काढताना प्लेटच्या जागेवर ओरखडा मारून खूण करा. वजनं डिझेलमध्ये रात्रभर ठेवा, ठोकू नका, पिना वाकतात. बसवताना ग्रीस भरू नका, पातळ तेलाचा एकच थेंब. ग्रीस उडून पॉइंटवर बसतं.

होटगी रोड ३५०

सगळं सविस्तर लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

प्लेट उचलली तर खाली तपकिरी भुकटी, नाकात घालायच्या तपकिरीसारखी. एक वजन जाम होतं, दुसरं कसंबसं केसभर हलत होतं. रात्रभर डिझेलमध्ये ठेवलं. सकाळी बारीक पॉलिश पेपरनं पिना घासल्या, तेव्हा कुठं वजन स्वतःच्या भारानं खाली पडायला लागलं. एका स्प्रिंगचा आकडा ताणून उघडलेला होता, म्हणून दोन्ही स्प्रिंगा नव्या टाकल्या. बसवून कॅम पिळला आणि सोडला. टक्! वडील शेजारी खुर्चीवर होते, म्हणाले, "हा आवाज मला ओळखीचा आहे."

टायमिंग या वेळी त्यांनीच लावलं. हेडलाइटच्या डोक्यावरच्या ॲम्पिअरच्या काट्याकडं बघत. चावी चालू करून पॉइंट मिटलेले असले की काटा खाली झुकतो, उघडले की मध्यावर येतो. मी प्लेट सरकवत होतो, ते काट्यावर डोळा ठेवून "आला, आला, थांब" म्हणत होते. नंतर मी कागद लावून बघितलं, बरोबर तिथंच.

बार्शीकर, तुमचंही खरं निघालं. साबणाचं पाणी मारल्यावर ठोका बदलला. कार्बोरेटर उतरवून तोंडावर पोलादी पट्टी उभी धरली तर मधून उजेड दिसत होता. दोन्ही नट जास्त आवळून कुणीतरी कानाकडून फ्लँज (हेडला टेकणारी सपाट कड) वाकवलाय. काचेवर पेपर ठेवून आठ आकडा काढत घासला, उजेड बंद होईपर्यंत. नवं पॅकिंग टाकलं, नट एकसारखे, बेतानं आवळले. क्लिप तिसऱ्या खाचेवरून चौथीवर घेतली.

काल गुरुवार. वडिलांना मागं बसवून अक्कलकोटला गेलो. नवं इंजिन आहे म्हणून सत्तरच्या पुढं नेली नाही, पण पासष्टला ती अजून मागत होती. येताना वळसंगला मुद्दाम अंधार पडेपर्यंत थांबलो आणि तिथून कुंभारीपर्यंत एका दमात आणली. कुंभारीत दिवे मालवून दोघांनी वाकून बघितलं. पाईप काळा. वडिलांनी हात जवळ नेऊन बघितला आणि म्हणाले, "आता चल."

आज सकाळी प्लग काढला, भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखा रंग. क्रोमचा निळा डाग मात्र राहिला, तो राहू दे.

एक विचारायचं राहिलं. रेस सोडली की अजून एखादा फट् असा आवाज येतो. तो कशाचा?

बीड इंजिन

बेंड हेडमध्ये नुसता दाबून बसवलेला असतो. जोड सैल असेल तर रेस सोडल्यावर तिथून हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल पाईपमध्ये पेटतं. जोडाभोवती काजळी दिसतेय का बघा. दिसली तर पाईप काढून, तोंड साफ करून पुन्हा घट्ट बसवा आणि खालचा क्लँप शेवटी आवळा. दोनशे किलोमीटरनंतर हेडचे नट आणि टॅपेट पुन्हा एकदा बघून घ्या, इंजिन पूर्ण थंड असताना.