युरोपचं घोडं नेमकं कुठे पेंड खातं? – व्हेंतोतेनेचा जाहीरनामा आणि स्पिनेल्ली-मोने वाद

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

मार्च २०२५ मध्ये इटलीच्या पंतप्रधान जॉर्जिया मेलोनी यांनी संसदेत व्हेंतोतेनेच्या जाहीरनाम्यातले काही उतारे वाचून दाखवले आणि हा आपला युरोप नव्हे, असं सांगितलं. विरोधकांनी एवढा गदारोळ केला की कामकाज थांबवावं लागलं. चौऱ्याऐंशी वर्षांपूर्वी कैद्यांनी लिहिलेल्या मजकुरावरून आजही सभागृह पेटतं, म्हणजे त्यात अजून धग आहे. म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. व्हेंतोतेने हे रोम आणि नेपल्सच्या दरम्यानचं चिमुकलं बेट. मुसोलिनीने आपले विरोधक तिथे स्थानबद्ध करून ठेवले होते. त्यांच्यात अल्तिएरो स्पिनेल्ली होता. विशीच्या आत, १९२७ साली पकडलेला कम्युनिस्ट, पुढे कैदेत असतानाच पक्षाशी फारकत घेतलेला. एर्नेस्तो रॉस्सी हा अर्थशास्त्राचा माणूस. अर्थतज्ज्ञ लुईजी एइनाउदींनी पाठवलेली ब्रिटिश संघराज्यवाद्यांची पुस्तकं त्याच्याकडे आली आणि त्या वाचनातून १९४१ साली जाहीरनामा तयार झाला. त्या वेळी जवळपास सगळा युरोप हिटलरच्या टाचेखाली होता. उर्सुला हिर्शमान आणि आदा रॉस्सी या कैद्यांच्या बायकांनी तो चोरून मुख्य भूमीवर नेला. त्यांचा सहकैदी एउजेनियो कोलोर्नी याने १९४४ साली रोममध्ये तो छापला आणि त्याच वर्षी फॅसिस्टांनी त्याचा जीव घेतला.

मांडणी सरळ आहे. युद्धं वाईट राज्यकर्त्यांमुळे होतात हे अर्धसत्य. प्रत्येक राष्ट्र स्वतःला सर्वोच्च मानतं आणि त्याच्यावर कोणताही कायदा नसतो, हे युद्धाचं मूळ. पहिल्या महायुद्धानंतरचा राष्ट्रसंघ त्यामुळेच फसला. त्याच्याकडे ना स्वतःचा कर, ना सैन्य, ना थेट नागरिक. एइनाउदींनी हा धोका १९१८ सालीच सांगितला होता. तेव्हा आधी युरोपचं संघराज्य उभारा, बाकीच्या सुधारणा मग, असं हे कैदी म्हणत होते. व्हिक्तोर ह्यूगोने १८४९ साली पॅरिसच्या शांतता परिषदेत 'युरोपची संयुक्त राज्यं' म्हटलं ते भविष्याचं चित्र होतं. फ्रेंच नेते ब्रियाँ यांनी १९२९ साली जिनिव्हात प्रस्ताव मांडला, तोही सार्वभौमत्वाला हात न लावता. सत्तेचा प्रश्न थेट हाती घेतला तो व्हेंतोतेनेच्या कैद्यांनी.

माझं मत असं की युरोपने नंतर उलटा रस्ता धरला. आधी कोळसा, मग बाजारपेठ, मग चलन, आणि लोकांची संमती शेवटी. ती २००५ साली युरोपीय राज्यघटनेवरच्या सार्वमतात मागितली तेव्हा फ्रान्स आणि नेदरलँड्स दोघांनी 'नाही' सांगितलं. घोडं पेंड खातं ते इथे.

रानजाई

तीव्र असहमती.

स्पिनेल्लीबद्दल आदर आहे, पण युरोप उभा राहिला तो ज्याँ मोने या फ्रेंच नियोजनकाराच्या पायरी-पायरीच्या पद्धतीने. ९ मे १९५० ही तारीख घ्या. युद्ध संपून जेमतेम पाच वर्षं झालेली. अशा वेळी फ्रेंच माणसाला 'जर्मनांबरोबर एका राज्यघटनेखाली ये' म्हटलं असतं तर तो दारातूनच परतवता. फ्रेंच परराष्ट्रमंत्री शूमान यांनी वेगळंच मागितलं: कोळसा आणि पोलाद सामायिक करा. तोफा ज्यातून बनतात तेच दोघांच्या हातात आलं की एकट्याला गुपचूप तयारी करता येत नाही. सहा देश आले, १९५१ साली पॅरिसला करार झाला. त्यातली उच्च प्राधिकारी संस्था उत्पादकांकडून थेट पट्टी वसूल करू शकत होती. तुम्ही म्हणता तो 'स्वतःचा कर' छोट्या रूपात तिथेच आला.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं. मिलानमधल्या फ्लामिनिओ कोस्ता नावाच्या वकिलाने सरकारी वीज कंपनीचं दोन हजार लिऱ्यांपेक्षाही कमी रकमेचं बिल भरायला नकार दिला. विजेच्या राष्ट्रीयीकरणाला त्याचा विरोध होता. प्रकरण लक्झेंबर्गमधल्या युरोपीय न्यायालयात गेलं आणि १९६४ साली निकाल आला: सामायिक कायदा देशाच्या कायद्याहून वरचढ. संघराज्याचा कणा म्हणतात तो हाच ना? त्यासाठी संविधान सभा भरवावी लागली नाही, एक वीजबिल पुरलं.

तिसरा_प्रहर

रानजाई, नेमकी हीच गोष्ट मला खुपते. एवढा मोठा निर्णय वीजबिलाच्या आडून का व्हावा?

पण मी धागाकर्त्याच्याही बाजूचा नाही. राज्य असायला आधी लोक लागतात, आणि 'युरोपीय लोक' कुठे आहेत? चोवीस अधिकृत भाषा, सगळ्यांनी वाचावं असं एक वर्तमानपत्र नाही. युरोपीय संसदेच्या १९७९ च्या पहिल्या थेट निवडणुकीत ६२ टक्के मतदान झालं, २०१४ साली ४३ टक्क्यांच्या आसपास. तोवर अधिकार वाढत गेले आणि मतदार आटत गेले. जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००९ साली युनियनच्या नव्या लिस्बन करारावर निकाल देताना बजावलंच की लोकशाहीचं मूळ ठिकाण अजून सदस्य देशच आहेत.

आणि जाहीरनाम्याबद्दल स्पष्ट बोलू या. क्रांतीच्या काळात क्रांतिकारी पक्षाच्या हुकूमशाहीतून नवं राज्य उभं राहील, असं त्यात लिहिलं आहे की नाही? मेलोनींचं राजकारण मला पटत नाही, पण तो उतारा त्यांनी पदरचा घातलेला नाही.

कृष्णाकाठ

उतारा आहे, आणि तो मला खटकतो. त्याचं समर्थन करणार नाही. आयुष्याची उमेदीची वर्षं कैदेत गेलेल्या, लेनिन वाचून वाढलेल्या माणसाची ती भाषा आहे. पण खासगी मालमत्तेचं वाक्य पूर्ण वाचा. त्यात म्हटलंय की मालमत्ता कुठे रद्द करावी, कुठे मर्यादित, कुठे वाढवावी, हे प्रसंग पाहून ठरवायचं, पोथीनिष्ठपणे नाही. पूर्ण वाचलं की अर्थ बदलतो.

स्पिनेल्ली पुढे कसा वागला तेही बघा. युरोपीय संसदेत निवडून आला, पक्षांच्या भिंती ओलांडून सदस्य जमवले, युनियनच्या कराराचा मसुदा तयार केला आणि १४ फेब्रुवारी १९८४ रोजी तो २३७ विरुद्ध ३१ मतांनी मंजूर करून घेतला. हा मतांनी जिंकलेला माणूस आहे. सरकारांनी मसुदा बाजूला ठेवला आणि १९८६ साली पातळ केलेला करार केला. त्याच वर्षी मे महिन्यात तो गेला.

रानजाई, १९५० साली कुणी ऐकलं नसतं म्हणता, मग पुढची चारच वर्षं पाहा. सामायिक युरोपीय सैन्याचा करार १९५२ साली झाला. स्पिनेल्लीने इटलीचे पंतप्रधान देगास्पेरी यांना पटवलं की सैन्य असेल तर त्यावर लोकनियुक्त सत्ता हवी, आणि करारात ३८ वं कलम आलं. त्यातून १९५३ च्या मार्चपर्यंत राजकीय समुदायाचा मसुदाही तयार झाला. म्हणजे सहाही देशांचे प्रतिनिधी घटनेच्या मसुद्यावर बसले होते! ३० ऑगस्ट १९५४ ला फ्रेंच संसदेने सैन्याचा मूळ करार ३१९ विरुद्ध २६४ मतांनी बाजूला सारला आणि सगळंच बुडालं. दार बंद नव्हतं, हातातोंडाशी आलेला घास गेला. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

रानजाई

तो घास फ्रान्सच्या निवडून आलेल्या संसदेनेच नाकारला ना? म्हणजे विचारलं, आणि उत्तर मिळालं. त्यानंतर तीन वर्षांत सामायिक बाजारपेठेचा रोमचा करार झाला तो मोनेच्या वाटेनेच.

पाणवठा

मी नेदरलँड्सची नागरिक. २००१ साली भारतीय पासपोर्ट परत केला, त्या दिवशी घरी येऊन रडले होते. १ जून २००५ ला युरोपीय राज्यघटनेवर मत दिलं. माझं मत 'नाही' होतं.

इथे सगळे 'नाही' म्हणणाऱ्या त्या ६१ टक्क्यांबद्दल बोलतात, म्हणून सांगते. मला युरोप नको नव्हता. सकाळी गाडीने निघून जेवायला अँटवर्पला जाते, सीमेवर कुणी थांबवत नाही, याचं मोल व्हिसाच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला जास्त कळतं. पण गिल्डर जाऊन युरो आला तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. देशात दोनशे वर्षांत पहिल्यांदा सार्वमत झालं. इतक्या वर्षांचं न विचारलेलं सगळं त्या एका कागदावर साचलं.

त्यानंतर जे झालं ते जास्त लागलं. दोन वर्षांनी बराचसा तोच मजकूर लिस्बन करार म्हणून आला आणि या वेळी सार्वमत नाही. रानजाई, पायरी-पायरीने जाणं मला मान्य आहे. पण आम्ही एका पायरीवर 'थांबा' म्हटलं होतं.

अक्षरधन

भारताचं उदाहरण इथे लागू पडतं. ४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत 'युनियन' हा शब्द का घेतला ते सांगितलं: आपलं संघराज्य घटकराज्यांच्या आपसातल्या करारातून जन्मलेलं नाही, म्हणून कुणालाही फुटून निघण्याचा हक्क नाही. युरोप बरोबर याच्या उलट, करारातून जन्मला आणि युनियनच्या कराराच्या पन्नासाव्या कलमाने बाहेरचा रस्ताही दिला. ब्रिटन त्या रस्त्याने गेला. तिसरा_प्रहर, एक भाषा नसताना लोक घडतात हे आपण पाहिलेलं आहे.

तिसरा_प्रहर

पाहिलेलं आहे, पण आपल्याकडे स्वातंत्र्यलढा आधी झाला होता. शिवाय एकच लष्कर, एकच तिजोरी, एकच रेल्वे हाती आली. युरोपात १९५० साली सहा तिजोऱ्या होत्या आणि प्रत्येक गावात दुसऱ्याच्या गोळीने मेलेल्यांची नावं दगडावर कोरलेली होती.

कृष्णाकाठ

तिजोरीवरूनच पुढे. २०२० साली करोनात युरोपीय युनियनने ७५० अब्ज युरोंची योजना आखली, आणि तेवढं कर्ज स्वतःच्या नावावर उभारायचं ठरलं. फेड २०५८ पर्यंत. कशातून फेडायचं, कोणता कर युनियनचा स्वतःचा, यावर देशांचं अजून जमत नाही. एइनाउदींनी १९१८ साली राष्ट्रसंघाच्या कल्पनेबद्दल विचारलेला प्रश्न परत दारात उभा आहे.

पाणवठा, तुमच्या प्रतिसादामुळे माझं एक म्हणणं बदललं. मी २००५ चा 'नाही' हा युरोपला दिलेला नकार धरून चाललो होतो. आज परत विचारलं तर काय द्याल?

पाणवठा

तेव्हाच्या त्या मसुद्यात ४४८ कलमं होती. अमेरिकेच्या मूळ घटनेत सात आहेत. मी दोन रात्री बसून वाचायचा प्रयत्न केला, मासेमारीपासून अणुऊर्जेपर्यंत सगळं होतं, पण मला हवं ते सापडेना.

कर कोण लावणार, सैन्य कुणाच्या हुकमाखाली, आणि ते दोघं नको झाले तर मी त्यांना कसं घरी पाठवायचं, एवढं चार पानांत लिहून आणा. मी 'हो' देईन.