मदत हवी आहे: चिकट अल्बममधले नासाच्या जेमिनी अंतराळमोहिमांच्या काळातले फोटो कसे सोडवू?

मंडळी, इथे ह्यूस्टनमध्ये आमच्या शेजारचे आजोबा जेमिनीच्या काळात नासात इंजिनिअर होते. त्यांनी जपलेले फोटो स्कॅन करायला माझ्याकडे दिलेत. बहुतेक प्रिंटच्या समासात लाल नंबर आहे, 'एस-६५'ने सुरू होणारा, म्हणजे १९६५चा. मागे 'ए कोडॅक पेपर' असा पुसट छापा. त्यात अंतराळवीर एड व्हाइटचा ३ जून १९६५चा स्पेसवॉकही आहे, त्याचे सहकारी अंतराळवीर मॅकडिविट यांनी यानातून टिपलेला. सोनेरी व्हायझर, हातात गॅसची बंदूक. बघतच राहावं असा!

अडचण अशी की कुणीतरी हौसेने हे सगळे त्या प्लास्टिकवाल्या चिकट अल्बममध्ये लावलेत. काल एक उचलायला गेलो तर कोपऱ्याचा पापुद्राच निघाला. तेव्हापासून हात लावलेला नाही. (आजोबांना अजून सांगितलं नाहीये.)

दात साफ करायचा दोरा मागून सरकवतात म्हणे, कुणी करून पाहिलंय का? हेअर ड्रायरने गोंद सैल करायची भीती वाटते. की पानासकटच स्कॅन करू? आणि मागे आजोबांनी पेन्सिलने लिहिलेल्या नोंदी आहेत, त्या कशा वाचायच्या? रंगीत प्रिंट लालसर पडल्यात, त्या स्कॅननंतर सुधारायच्या की मूळ फाइल तशीच ठेवायची?