मदत हवी आहे: 'उदयकाल' (१९३०) या मूकपटाचे फोटो, आणि एक कसर लागलेलं हँडबिल

नमस्कार मंडळी, मी देवगडचा. आजोबांची पत्र्याची पेटी यंदा पावसाआधी उन्हात टाकली तर तळाला सिनेमाचं एक हँडबिल मिळालं, वरचा अर्धा भाग कसरीने खाल्लेला, खाली 'दररोज दोन खेळ' आणि 'स्त्रियांसाठी बसण्याची वेगळी सोय' एवढं धड वाचता येतं, आणि फाटलेल्या कडेला मोठ्या टायपात नुसतं 'काल'. आम्ही आपले समजलो कालचा खेळ असेल!!

आजोबा तेव्हा मामाकडे कोल्हापुरात शिकायला होते. ते कायम सांगायचे, मी 'तोरण' बघलंय, पडद्यार कोण बोलाक नाय, वरडत होते ते लोकच. या 'तोरण' नावाने मी वर्षभर शोधतोय, शून्य. मग कळलं की कोल्हापूरच्याच प्रभात फिल्म कंपनीचा 'उदयकाल' आधी 'स्वराज्याचे तोरण' नावानेच केलेला, स्वराज्य शब्द इंग्रजांच्या सेन्सॉरला खुपला म्हणून नाव बदलावं लागलं, शेवटचा झेंडा फडकवायचा सीनही अडला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे शांताराम बापू, स्वतःच शिवाजी झालेत त्यात. म्हणजे हँडबिलावरचं 'काल' हे उदयकालचं शेपूट!! शूटिंग चालू असताना कोल्हापुरात जुनंच नाव लोकांच्या तोंडात बसलं असणार, असा आपला माझा अंदाज.

भाचा म्हणतो बाबूराव पेंटरांचा 'सिंहगड' असेल. पण तो १९२३ चा, आणि त्यात तानाजीची गोष्ट, तेव्हा महाराज चाळिशीला आलेले. आजोबा तर मावळ्या पोरांबद्दल आणि तोरणा घेतला त्याबद्दल बोलायचे. पेंटरांचाच 'कल्याण खजिना' १९२४ चा, तेव्हा आजोबा नऊ वर्षांचे, घाटसुद्धा चढले नव्हते.

तर शिवजयंतीला आमच्या वाचनालयात मुलांना हे सगळं दाखवायचंय. उदयकालचं एखादं स्टिल, जुन्या मासिकातली जाहिरात, काहीही कुणाकडे आहे का? पुण्याच्या फिल्म अर्काइव्हला मेल टाकावा की सरळ जाऊन बसावं?

दुसरं म्हणजे हँडबिलाला मामांनी कधीतरी मागून सेलोटेप मारलाय, तो आता काकवीसारखा तपकिरी चिकट झालाय. झेरॉक्सवाला म्हणतो लॅमिनेशन करून टाका.

---

प्रतिसाद: दादा, लॅमिनेशन अजिबात नको, एकदा केलं की कागद परत मोकळा होत नाही. टेपही ओढू नका, अक्षरं सोबत येतील. आधी स्कॅन करा, मग अ‍ॅसिड-फ्री कागदात सपाट ठेवा, डांबरगोळ्या शेजारी नको. आणि अर्काइव्हला मेलच टाका, हँडबिलाचा फोटो जोडून.

---

धागाकर्ता: धन्यवाद ताई, डांबरगोळ्या कालच टाकल्या होत्या, आत्ता काढतो. स्कॅन सोमवारी, लाईट असली तर.